दंगलीचा, आंदोलनाचा पिक्चर म्यूट करून कसा बघायचा

आमच्या इंदूरच्या घरी राजकारणाचा पिक्चर लागला की अर्ध्या तासात काका एका पार्टीत, मावसभाऊ दुसऱ्या पार्टीत आणि पोहे गार. म्हणून मी एक पद्धत धरलीये.

आधी पिक्चर सरळ बघून घ्या, रडायचं तर रडा, मधेमधे पॉज करून अक्कल पाजळू नका. मग सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊन या (हे कंपल्सरी नाही हं), एक मारामारीचा सीन काढा आणि आवाज बंद. म्युझिक गेलं की अर्धा राग उतरतो आणि कॅमेरा कुणाच्या पाठीशी उभाय ते दिसायला लागतं. पोलिसांमागे असेल तर समोर नुसता जमाव, जमावात असेल तर समोर फक्त हेल्मेटं आणि काठ्या. कागदावर दोनच गोष्टी लिहा, नाव कुणाला दिलंय आणि चेहरा कुणाचा जवळून दाखवलाय.

प्रॅक्टिसला 1966 चा 'बॅटल ऑफ अल्जियर्स' घ्या. फ्रान्सविरुद्ध अल्जीरियाचा लढा, ब्लॅक अँड व्हाइट, बघताना वाटतं खऱ्या न्यूजरीलच (बातम्यांच्या फिल्म) जोडल्यात, पण तसला एक तुकडाही नाही, सगळं शूट केलेलं. वर निर्माता सादी यासेफ स्वतःच त्या लढ्यातला पुढारी आणि पिक्चरमध्ये कामही करतो, म्हणजे बाजू उघड आहे. तरी फ्रेंचांच्या कॅफेचा सीन बघा. बॉम्ब ठेवायला आलेली बाई बसते आणि कॅमेरा तिच्या नजरेनं गिऱ्हाइकांचे चेहरे एकेक करून दाखवतो, एक लहान पोरगं आइस्क्रीम खातंय. मी दर वेळी इथेच पॉज करतो. आता आवाज चालू करा, कारण आधी कसबातली, म्हणजे अल्जियर्सच्या जुन्या अरब वस्तीतली, घरं उडवली तेव्हा तिथल्या मेलेल्यांवर जी धून वाजली तीच इथल्या मेलेल्यांवरही वाजते. काकांना हे ऐकवलं तर म्हणे, मग व्हिलन कोण?

टीव्हीच्या बातम्यांना एवढं लागत नाही. तोच सात-आठ सेकंदांचा तुकडा फिरवतायत का ते मोजा, आणि फ्रेमच्या कडा बघा. इंदूरच्या राजवाड्यावरच्या एका मोर्चाची क्लिप बघून नागपूरच्या आत्याचा घाबरून फोन आला, मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो, आणि तिच्या त्याच क्लिपमध्ये कोपऱ्यात बांगड्यांचं दुकान चालू होतं, गिऱ्हाईक भाव करत होतं.