नत्राची झाडं लावताय? मग या चुका टाळा

शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा भागात पडीक डोंगरावर झाडं लावणारा जो तो हल्ली एकच सांगतो: शेंगवर्गीय झाड लावा, नत्र फुकट, जंगल आपोआप. हवेतलं नत्र (नायट्रोजन) या झाडांच्या मुळांवरच्या गाठींत धरलं जातं हो, पण ते एकटंच येतं. स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), चुना हवेतून येत नाहीत. ते आहेत तेवढेच फिरवत ठेवावे लागतात.

पाला लोटून नेणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग. शाहूवाडीकडच्या एका पाहुण्यांनी उतारावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. ती फोफावली, पण मधली जांभळं, हिरडे होते तिथंच. पाहुणे मला म्हणाले, "भाऊ, नत्र मिळतंय, तरी ही का हटून बसलीत?" जाऊन बघतो तर झाडांखाली झाडलेल्या अंगणासारखी जमीन! दर उन्हाळ्यात घरचीच माणसं पाला लोटून तरवा (भाताच्या रोपांची जागा) भाजायला नेत होती.

गाठींत धरलेलं नत्र शेजारच्या झाडाला मिळतं ते मुख्यतः पाला कुजून, मुळं-गाठी मरून. मुळांनी खालून वर आणलेला चुना, पालाशही त्याच पाल्यात. भाजला की नत्र बहुतेक हवेत जातं आणि राख भाताला. डोंगराच्या वाट्याला काय?

"पण हा पाला कुजतच नाही," हे पुढचं गाऱ्हाणं. कुजतो, सावकाश. ऑस्ट्रेलियन बाभळीचं पान म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ, चिवट. मी पावसाच्या तोंडावर गिरिपुष्पाच्या कोवळ्या फांद्या छाटून त्यावर पसरतो. तो पाला काही आठवड्यांत विरतो, खालच्यालाही सोबत ओढतो. तेवढा धीर नसेल तर कुंडीत तुळस लावा.

स्फुरद विसरणं

जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून बसतात, आणि स्फुरदाशिवाय गाठी काम करत नाहीत. एखादी गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तर काम चालू. पांढरी किंवा हिरवट असेल तर झाड नुसतं उभं आहे. मी खड्ड्यात शेणखताबरोबर रॉक फॉस्फेट घालतो. आंबट मातीत ते हळूहळू लागू पडतं. युरिया टाकणाऱ्यांना काय म्हणावं? आयतं नत्र मिळालं की झाड गाठी कमी करतं.

शेंग दिसली की नत्र समजणं

गुलमोहर, बहावा, चिंच, काशीद यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. उलट सुरूला शेंगा नाहीत, तरी ते नत्र धरतं.

सगळा डोंगर एकाच झाडाचा

जास्तीच्या नत्राचं नायट्रेट होतं. गगनबावड्याचा पाऊस ते धुऊन नेतो, सोबत चुना आणि मॅग्नेशियमही जातं, माती आणखी आंबट होते. मी चारांत एकच झाड नत्राचं ठेवतो, बाकी ऐन, जांभूळ, हिरडा. सुबाभूळ तर नकोच, बी पडून सगळीकडे माजते.

उघड्या सड्यावर लागवड

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळपठार. तिथली सीतेची आसवं, दवबिंदू ही इवली रोपं किडे पकडून नत्राची गरज भागवतात. त्यांना निकस मातीच मानवते. तिथं कुदळ घेऊन आलेल्यांना मी हात जोडून परत पाठवतो.