साहेब निर्णय घेतात म्हणजे नेमकं काय करतात?

एमबीए संपवून सांगलीच्या गणपती पेठेत एका घाऊक वितरकाकडे लागलो. पहिल्याच महिन्यात मिरज लाईनच्या गाडीसाठी सात जणांचे दर काढले आणि रंगीत तक्ता करून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वरच्या दोन ओळी बघितल्या. "हा दुसरा बरा आहे, ह्याची गाडी रोज जाते. लाव फोन." उरलेल्या पाच ओळी वाचल्यासुद्धा नाहीत. सहावा सगळ्यात स्वस्त होता की! चार दिवस मनातल्या मनात धुसफुसत होतो.

गंमत म्हणजे परीक्षेत मी ह्यावरच पानभर उत्तर लिहून आलो होतो. हर्बर्ट सायमन, १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल. त्यांचं म्हणणं असं, की माणसाकडे वेळ, माहिती आणि हिशोब करायची ताकद तिन्ही बेतानंच असतात. म्हणून तो सर्वोत्तम शोधत बसत नाही, गरज भागवणारा पर्याय सापडला की थांबतो. साहेबांची गरज 'रोज गाडी' ही होती. दर चालू भावाच्या आसपास असला की त्यांना पुरे. हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हा नव्यानं लागणाऱ्यांनो, तक्ता करायच्या आधी एवढं विचारून घ्या: कशात तडजोड चालणार नाही?

सोमवारच्या मीटिंगबद्दल फार लिहीत नाही. तिथलं निम्मं शनिवारी चहाच्या गाड्यावरच ठरलेलं असतं.

खरं शिकलो ते जुलै २०२१ मध्ये. २०१९ च्या महापुरात 'अजून थोडं बघू' करता करता खालचा माल भिजला होता, असं हमाल सांगायचे. त्यानंतर साहेबांनी गोडाऊनच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं: 'आयर्विन पूल ३० फूट – खालच्या थप्प्या माडीवर.' कृष्णेवरच्या ह्या पुलापाशी नदीच्या पाण्याची पातळी मोजतात; तिथं इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. म्हणजे इशाऱ्याच्याही दहा फूट आधी.

पाणी तिशीला टेकलं तेव्हा आमच्याकडे पाऊस उघडला होता. मी म्हटलं, "साहेब, हमाली फुकट जाईल."

"सांगलीच्या पावसाचं काय घेऊन बसलास? कोयनेकडं किती झालाय बघ, पाणी तिकडून येतं. आणि हे आज ठरवायचंच नाही, दोन वर्षांपूर्वी ठरलंय. थप्प्या उचला."

दोन दिवसांत पेठेत पाणी होतं. माल माडीवर कोरडा.

पण पुढे एका पावसाळ्यात असंच सगळं वर चढवलं आणि पाणी आलंच नाही. हमाली गेली, चार दिवस धंदा बंद. मला वाटलं, आता साहेब चुकले. ते म्हणाले, "त्या दिवशी हातात होतं तेवढ्यावर बरोबरच होतं." तरी मी मार्चमध्ये पुन्हा विषय काढला: ३० चे ३५ करूया का?

"आत्ता ऊन आहे, आत्ताच बोलूया," म्हणत त्यांनी चहा सांगितला. घासाघीस होऊन ३२ वर तोड निघाली. भिंतीवरचा आकडा मीच बदलला.