धुऱ्यावरचा राखी वटवट्या : पावसाळाभर निरीक्षण कसे करावे

विदर्भात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. ज्या धुऱ्यावर बोर, निर्गुडी किंवा घाणेरीची झुडपे आणि त्यांच्या बुडाशी थोडेफार गवत शिल्लक आहे, तिथे राखी वटवट्या बहुधा असतोच. जेमतेम १३ सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी वर्षभर आपल्याच भागात राहतो, झुडपांतले किडे टिपून जगतो आणि ऐन पावसाळ्यात, म्हणजे शेतकरी निंदण-डवरणासाठी (तण काढणे, ओळींमधली माती मोकळी करणे) रोज शेतात जात असतो त्याच दिवसांत, घरटे करतो. त्यामुळे त्याच्या निरीक्षणासाठी वेगळी सवड काढावी लागत नाही. जाता-येता थांबण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

सुरुवात मृग नक्षत्र लागण्यापूर्वी करावी. पाऊस पडला की गवत वाढते, आणि मग धुऱ्यावर मुळात काय होते याची नोंद घेता येत नाही. साधारण दीडशे पावलांचा एकच धुरा निवडून वहीत त्याचा कच्चा नकाशा काढावा आणि प्रत्येक झुडपाला क्रमांक द्यावा. नोंदी पेन्सिलीने कराव्यात, कारण ओल्या कागदावर शाई पसरते. आठ बाय चाळीसची दुर्बीण असेल तर उत्तम. नसली तरी हा पक्षी माणसाची फार धास्ती घेत नाही, त्यामुळे दहा-पंधरा पावलांवरून नुसत्या डोळ्यांनीही पुष्कळ काही दिसते. रबरी बूट आणि काठी या दोन गोष्टी मात्र सोडू नयेत. पावसाळी धुऱ्यावर घोणस आणि नाग असतात, आणि पक्ष्याकडे नजर लागली की पायाखाली लक्ष राहत नाही.

वटवट्या आधी ऐकू येतो, मग दिसतो. सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, वारा पडलेला असताना, नर झुडपाच्या शेंड्यावर किंवा तुरीच्या वाळक्या काडीवर बसून ‘जिम्मी-जिम्मी-जिम्मी’ असे सलग गात राहतो. तो दचकून उडाला की ‘चट्-चट्’ असा, ठिणगी उडावी तसा बारीक आवाज येतो, आणि तो बहुधा पंखांचा असतो. ही खूण लक्षात ठेवली की गवतात दडलेला पक्षीही चुकत नाही. गाणारा नर कोणत्या क्रमांकाच्या झुडपावर बसला, हे आठवडाभर नकाशावर टिंब देऊन दाखवावे. टिंबांच्या गर्दीवरून त्याची हद्द आपोआप स्पष्ट होते.

ओळख पटवताना तीन पक्ष्यांत गोंधळ होतो. राखी वटवट्याचे डोके आणि पाठ राखेसारखी करडी, पोट फिकट तांबूस, चोच काळी आणि डोळा तांबडा असतो. उभारलेल्या लांब शेपटीच्या पिसांना टोकाजवळ काळा ठिपका असतो. साधा वटवट्या अंगाने मातकट असतो, त्याच्या डोळ्यावर फिकट भुवई असते आणि त्याचे गाणे एखाद्या किड्याच्या किरकिरीसारखे असते. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक विल्यम साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधील या दोन्ही पक्ष्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. तिसरा शिंपी. त्याची पाठ हिरवट, माथा तांबूस आणि पोट पांढुरके असते, आणि तो घराजवळच्या परसातही सर्रास येतो. पाठीच्या रंगाकडे आधी पाहिले तर तिघांपैकी कोण हे ठरवायला वेळ लागत नाही.

आहाराचे निरीक्षण संयमाचे काम आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचेही. एका झुडपासमोर दहा मिनिटे बसावे आणि पक्षी किती वेळा पानाच्या खालच्या बाजूवर चोच मारतो, किती वेळा जमिनीवर उतरतो, झुडपातून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीत जातो का, एवढेच मोजावे. बारीक अळ्या, भुंगेरे, मुंग्या आणि कोळी असे त्याचे खाद्य असते. दुरून किडा ओळखू आला नाही तर अंदाजाने नाव लिहू नये. ‘हिरवी अळी, चोचीएवढी’ एवढी नोंदही पुरेशी असते.

घरट्याच्या बाबतीत खरी काळजी घ्यावी लागते. वटवट्या बहुतेक वेळा जमिनीपासून फार उंच नसलेल्या झुडपात, रुंद पाने कोळ्याच्या जाळ्याने आणि वनस्पतींच्या तंतूंनी जोडून त्यांच्या आत गवताची वाटी करतो; कधी गवताच्या पात्यांचीच पिशवी विणतो. अंडी तीन ते पाच, विटकरी तांबडी आणि चकचकीत असतात, आणि सुमारे १२ दिवसांत फुटतात. ती पाहण्याचा मोह मोठा असतो. पहिल्या वर्षी मी अंडी मोजण्यासाठी एक पान बाजूला केले होते. दुसऱ्या दिवशी शिवण उसवलेली होती आणि घरटे रिकामे होते. तेव्हापासून मी घरट्याजवळ जात नाही. चोचीत तंतू घेऊन पक्षी एकाच झुडपात वारंवार शिरू लागला की बांधणी चालू आहे असे समजावे, आणि चोचीत किडे घेऊन नर-मादी दोघेही येऊ लागले की पिले बाहेर आली असे लिहावे. दहा मीटर अंतरावरून एवढे सगळे कळते. गवत तुडवून घरट्यापर्यंत पायवाट पाडू नये, कारण त्याच वाटेने मांजर आणि मुंगूस जातात. घरट्याचा फोटो जागेसह गटांवर टाकू नये. घरटे किंवा अंडी यांची नासधूस हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही गुन्हा ठरतो.

याच दिवसांत करड्या पोटाची एक लहान कोकिळा उंच झाडावरून करुण शीळ घालताना ऐकू येते. ती वटवट्याच्या घरट्यात आपले अंडे घालते, म्हणून तिची शीळ ज्या दिवशी प्रथम ऐकू येईल त्या तारखेची नोंद अवश्य करावी. पुढे वटवट्याची जोडी आपल्याहून मोठ्या पिलाला भरवताना दिसली, तर त्याचा अर्थ लावायला ही तारीख उपयोगी पडते. त्या पिलाला हुसकावू मात्र नये.

राहिले धुऱ्याचे. जून ते सप्टेंबर या काळात धुऱ्यावर तणनाशक मारू नये आणि झुडपे छाटू नयेत. गवत काढायचेच असेल तर ज्या झुडपांभोवती वटवट्याची ये-जा आहे, त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाच-पाच पावले सोडून काढावे. मजुरांना सांगून भागत नाही, म्हणून मी अशा झुडपाशेजारी चिंधी बांधलेली काडी रोवतो. ती घरट्याला लागून न रोवता चार पावले अलीकडे रोवावी. पोळ्यानंतर तोकड्या शेपटीची पिले आईबापांच्या मागे तरोट्याच्या तणात फिरताना दिसली तरी छाटणीची घाई करू नये, कारण पाऊस लांबला तर ती जोडी पुन्हा बांधणीला लागू शकते. दिवाळीच्या सुमारास, आठवडाभर एकाही झुडपात ये-जा दिसली नाही की मग छाटणी करावी, तीही अर्ध्या धुऱ्याची, आणि उरलेला अर्धा पुढच्या वर्षासाठी ठेवावा.