हललेला फोटो आणि ‘माझी स्टाइल’: फोटोग्राफी शिकताना या चुका टाळा

आमच्या इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, दहीवड्याचा दोना (द्रोण) हवेत उडवतात. दह्याने भरलेला दोना वर जातो, गिरकी घेतो आणि थेंबही न सांडता परत हातात येतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी एका रात्रीत त्याचे १४० फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर बघितले तर १४० वेळा पांढरा फराटा. मग त्यातला एक ब्लॅक अँड व्हाइट केला, वर दाणे (ग्रेन) टाकले, कॉन्ट्रास्ट वाढवला आणि ‘स्ट्रीट स्टाइल’ म्हणून असाइनमेंटमध्ये लावून दिला. सरांनी एवढंच विचारलं, “दोना कुठाय?”

त्यानंतर दोन वर्षं खाणं, गर्दी, जुन्या इमारती, घरातली माणसं, सगळंच करून बघतेय. स्टाइल अजून सापडलेली नाही, पण चूक झाकायला स्टाइलचं नाव द्यायचं नाही एवढं कळलं. फोटो बिघडला की स्लायडरला हात लावायच्या आधी तो १०० टक्के मोठा करून बघते. बिघाडाचं कारण बहुतेक वेळा तिथेच दिसतं.

फोटो ‘हलला’ म्हणजे नक्की काय झालं?

आपण सगळ्यालाच ‘हलला’ म्हणतो, पण त्यात तीन वेगळे रोग आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी.

फोटोतलं सगळंच, मागची भिंतसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा आहे, त्यामुळे ५० एमएमच्या लेन्सवर शटर १/८० सेकंदापेक्षा हळू झालं की माझा हात पकडला जातो. भिंत स्वच्छ आहे आणि फक्त माणूस ओढल्यासारखा पुसट आहे, तर शटर त्या माणसासाठी हळू पडलं. चालणाऱ्याला १/२५०, उड्या मारणाऱ्या पोराला १/५०० तरी हवं. आणि माणूस फराटा न येता सगळीकडून सारखाच पुसट, पण त्याच्या मागची पाटी लख्ख वाचता येतेय, तर काहीच हललं नाही; फोकस पाटीवर बसला. तिथे शटर वाढवून उपयोग शून्य. फोकसचा बिंदू स्वतः निवडायचा आणि डोळ्यांवर ठेवायचा.

दहीवड्याच्या बाबतीत शटर वेगवान ठेवता यावं म्हणून मी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० पर्यंत चढवून बघितला. फोटोत इतके दाणे आले की दह्यावर रवा पेरल्यासारखं वाटत होतं. उपाय शेवटी नुसतं उभं राहून बघताना सापडला. दोना सगळ्यात वर पोचतो तेव्हा खाली वळायच्या आधी क्षणभर जवळजवळ थांबतो. त्या क्षणी १/१२५ पण पुरतं. आता मी दोन-तीन फेऱ्या नुसत्या बघते, हाताचा ताल पकडते आणि मग बटण दाबते. १४० च्या जागी दहा-बारा फोटो होतात. मालकही खूश, नाहीतर त्यांचं आपलं चालूच असतं, “बेटा, पहले खा लो, फोटो कहीं भागा नहीं जा रहा।”

पिवळा जलेबा (मोठी जिलबी), निळे हात

सराफ्यात एकाच ठेल्यावर पिवळा बल्ब, पांढरी एलईडी आणि शेजारच्या दुकानाची निळसर ट्यूब असते. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याचा रंग ओळखून पांढरं पांढरंच दाखवणारं सेटिंग, दर फोटोला वेगळा निर्णय घेतो. म्हणून एका फोटोत जलेबा केशरी आणि पुढच्यात आजारी. मुख्य विषयावर कुठला दिवा पडतोय ते ठरवा, त्याच्यासाठी व्हाइट बॅलन्स बांधून ठेवा (पिवळ्या बल्बला ३००० केल्विनच्या आसपास) आणि बाकीचे दिवे बिघडले तर बिघडू द्या. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलं की रंग नंतर बदलता येतो हे खरं, पण दोन दिव्यांचा मिसळलेला रंग एका स्लायडरने सुटत नाही. दोन पावलं सरकून एकच दिवा अंगावर येईल असं उभं राहणं स्वस्त पडतं.

अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांचं, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांचं, दुखणं निराळं. इथल्या कापडगिरण्या बंद पडून वर्षं लोटली, तरी गिरण्यांच्या नावाच्या झाँक्या रात्रभर निघतात, आणि त्यावर दिव्यांचा नुसता पूर असतो. हलती चित्रं थांबवायला मी शटर १/१००० वर नेलं आणि फोटोभर आडवे काळे पट्टे आले. कॅमेरा बिघडला म्हणून दुरुस्तीला न्यायला निघाले होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, वेगवान शटरला दिसतं. १/१०० किंवा १/५० ठेवलं की बहुतेक पट्टे जातात. काही एलईडी वेगळ्याच गतीने लुकलुकतात. तिथे शटर थोडं पुढेमागे करून बघायचं.

गेरमध्ये लेन्स बदलू नका

गेर म्हणजे आमची रंगपंचमीची मिरवणूक. हे वाचून हसाल, पण मी बदलली. रंगपंचमीला, राजवाड्याजवळ, वरून गुलालाचे ढग उडत असताना. पुढच्या महिन्याभरातल्या प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी करडे ठिपके. खात्री करायची तर अपर्चर (लेन्सचं भोक) लहान, एफ/१६, ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. ठिपका दर फोटोत त्याच जागी आला तर धूळ सेन्सरवर आहे. नुसता व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो, फोटोत येत नाही, तर सोडून द्या.

गेरला निघायच्या आधी घरीच एक लेन्स लावा, पुढे साधा फिल्टर, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड. परत आल्यावर गुलाल आधी रबरी ब्लोअरने कोरडाच उडवा. ओलं फडकं लावलंत तर त्याची पेस्ट होते आणि काचेवर घासली जाते. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते.

गुलालाचा गुलाबी रंग फोटोत नुसता एक डाग होतो, त्यात कण दिसत नाहीत, ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकलीय. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण एकटा लाल रंग जळलेला असतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजव्या भिंतीला चिकटला तर एक्सपोजर थोडं कमी करा. एडिटमध्ये सॅच्युरेशन वाढवायचा मोह तर अजिबात नको. गुलालाला आधीच पुरेसं आहे.

मागे कललेला राजवाडा

राजवाडा सात मजली. समोर जाऊन मोबाइलची वाइड लेन्स वर उचलली की वाडा पाठीवर पडतोय असं वाटतं. कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. बागेपर्यंत मागे या आणि कॅमेरा सरळ धरा. खाली रस्ता जास्त आला तर नंतर कापा. एडिटमध्ये रेषा सरळ करायच्या असतील तर कडेला भरपूर जागा सोडा, कारण सरळ करताना कोपरे जातात.

जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास इथेच त्यांनी कॅमेरा हातात घेतला. ते मूळचे ड्राफ्ट्समन, शिक्षण रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं. पुढे त्यांनी वास्तूही टिपल्या आणि राजेरजवाडेही. इमारतींच्या त्यांच्या फोटोंत ती नकाशा काढणाऱ्याची नजर मला तरी दिसते.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचा (होळकरांच्या स्मारकांचा) फोटो एचडीआरने, म्हणजे उजळ आणि गडद दोन्ही भागांतले तपशील ओढून काढून, ‘उठवायला’ गेलात, तर शिखराभोवती पांढरी कड उमटते. कड दिसली की क्लॅरिटी आणि डीहेज हे स्लायडर निम्म्यावर आणा.

आजी आणि पुट्टी

आजीचा फोटो मी मोबाइल नाकासमोर धरून काढला आणि वर चेहरा गुळगुळीत करणारं अॅप चालवलं. आजी बघून म्हणाली, “अगं, ही मी आहे की भिंतीला पुट्टी लावलीयेस?” नाक मोठं दिसतं ते जवळून काढल्यामुळे. सहा-सात फूट मागे जा आणि झूम करा. खिडकी बाजूला येईल असं बसवलं की सुरकुत्या छान उतरतात, त्यांना हात लावू नका. डाग काढायचाच तर जो आठवड्यात जाईल तो काढा, पुटकुळी वगैरे. तीळ राहू द्या.

रात्री दोनला केलेलं एडिट

लॅपटॉपचा रात्रीचा पिवळसर मोड चालू असतो आणि लक्षात राहत नाही. आपण त्या पिवळ्याला तोडायला निळा वाढवत जातो, सकाळी सगळे फोटो थंड पडलेले. एडिटला बसताना तो बंद करा. ब्राइटनेस पूर्ण ठेवलात तर प्रिंट काळपट येते, तो अर्ध्यावर आणा. वेबसाठी एक्सपोर्ट करताना रंगांच्या पर्यायात एसआरजीबी निवडा, नाहीतर रंग मेलेले दिसतात. व्हॉट्सअॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून छोटा होतो.

आणि प्रदर्शनाला १२ बाय १८ इंचाची प्रिंट हवी असेल तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० गुणिले ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेल. माझा झाँकीचा फोटो कापून कापून ६ मेगापिक्सेलवर आला होता. जवळ गेलं की फाटलेला दिसायचा. आता लॅबला आधी त्या मोठ्या प्रिंटचाच ४ बाय ६ इंचाचा एक तुकडा ट्रायल म्हणून काढायला सांगते, तो घेऊन बाहेर उजेडात येते आणि मगच मोठी प्रिंट सोडते.