"गाडीचं कुठं विचारलं तुम्ही?": नाशिकभोवतीच्या गाडीवाटा हुडकायच्या कशा

हरसूलच्या अलीकडे एका पाड्यावर झाडाखाली बसलेल्या बाबांना मी विचारलं, "बाबा, हा रस्ता पुढे वाघेऱ्याकडे निघतो का?"

"निघतो की."

मी जिप्सी आत घातली. किलोमीटरभर गेल्यावर रस्ता ओढ्यात उतरला आणि पलीकडे चढला तेव्हा त्याची हातभर पायवाट झाली होती. गाडी वळवायला जागा नाही. तेवढंच अंतर रिव्हर्समध्ये, मान मोडेस्तोवर. बाबा तिथेच बसलेले.

"अहो, तुम्ही तर निघतो म्हणालात!"

"निघतो ना. आम्ही रोज जातो. गाडीचं कुठं विचारलं तुम्ही?"

त्या दिवसापासून मी 'रस्ता जातो का' हा प्रश्न विचारणं बंद केलं. आता विचारतो, "इथून पिकअप जाते का? शेवटची कधी गेली?" नाशिक जिल्ह्यात टोमॅटोच्या क्रेटपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं पिकअपमधून जातं, त्यामुळे हे माप सगळ्यांना कळतं. "कालच गेली" असं उत्तर आलं तर फोर बाय फोर डोळे झाकून जाईल. "ट्रॅक्टर जातो" म्हणाले तर ट्रॉलीसकट की नुसता, ते विचारा. नुसता ट्रॅक्टर कुठूनही जातो, त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही. "मोटारसायकल जाते" म्हणजे खाली उतरून आधी चालत बघायचं. आणि "पूर्वी जीप जायची" हे सगळ्यात फसवं उत्तर. मधल्या एखाद्या पावसाळ्यात मोरी वाहून गेलेली असते आणि सांगणाऱ्याचं त्या बाजूला जाणं सुटलेलं असतं. एकाला विचारून थांबू नका. पुढच्या वस्तीवर पुन्हा विचारा. दूध गोळा करणारा आणि काळी-पिवळी चालवणारा, या दोघांचं उत्तर मी प्रमाण मानतो.

मी ठिबक सिंचनाच्या धंद्यात अठरा वर्षं आहे. दिंडोरी, निफाड, चांदवड, येवला, पेठ, कळवण. शेतापर्यंत पोचणं हीच नोकरी, आणि त्या पोचण्याचाच पुढे नाद झाला. थार आमच्याच सातपूरला बनते, तरी मी जुनी जिप्सी का ठेवलीय हे घरचे विचारतात. असो.

घरून निघण्याआधी मी तीन नकाशे बघतो.

पहिला उपग्रहाचा. गुगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं बघता येतात, त्यातली फेब्रुवारी ते मे मधली काढा. पावसाळ्यानंतरच्या हिरव्यात काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात मातीची वाट पांढुरकी उठून दिसते. झूम करून बघा. दोन समांतर रेघा आणि मध्ये गवताची पट्टी असेल तर ती चाकांची. एकच वाकडीतिकडी रेघ माणसांची नाहीतर गुरांची. मग ती रेघ संपते कुठे ते बघा. निम्म्या वाटा विहिरीवर, खळ्यावर नाहीतर खडी क्रशरवर जाऊन संपतात. दुसऱ्या गावात बाहेर पडणारी वाट सापडली की तिच्यावर खूण करायची आणि तो भाग ऑफलाइन उतरवून घ्यायचा, कारण हरसूल-पेठच्या दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही.

दुसरा, सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे डोंगर-दऱ्यांचे चढउतार दाखवणारा नकाशा. २० अंश अक्षांश नाशिक शहरातूनच जातो, त्यामुळे आपल्याला एका शीटवर भागत नाही: हरसूलची बाजू ४६ एच मध्ये, त्र्यंबक-इगतपुरीची ४७ ई मध्ये. दोन्ही टेबलावर जोडून ठेवायच्या. तुटक लाल रेघ म्हणजे गाडीवाट, ठिपक्यांची म्हणजे पायवाट. १:५०,००० च्या शीटवर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर चढ. पट्टी ठेवून मोजा. वाट एका सेंटिमीटरात चार रेषा ओलांडत असेल तर ५०० मीटरला ८० मीटर चढ, म्हणजे सरासरी सोळा टक्के. मातीच्या वाटेवर माझी मर्यादा तिथेच संपते. बैलगाडीची वाट सहसा त्याहून सौम्य असते, कारण भरल्या गाडीचा भार बैलांच्या मानेवर यायचा. जुन्या लोकांनी वळसा घेतला असेल तर तिथे आपणही वळसाच घ्यावा.

टोपोशीटवर आणखी एक गोष्ट मी शोधतो, ती म्हणजे दोन किल्ल्यांमधली खिंड. किल्ले हौसेने बांधलेले नाहीत, ते वाटांवर नजर ठेवायला आहेत. सातमाळ्याची रांग बघा. मार्कंड्या आणि रवळ्या-जावळ्या यांच्या मधून मुळाण्याची बारी बाबापूरकडे उतरते आणि वणीची बाजू कळवणला जोडते. कळवण-बागलाणकडे खिंडीला 'बारी' म्हणतात. भावडबारी, राहुडबारी, सेलबारी... नावात बारी दिसली की तिथून कधीकाळी बैल, घोडे, माल गेलेला आहे असं समजा. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज परतताना वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी लढाई झाली, तीही याच रांगेच्या आसऱ्याने. नवख्याला मी मुळाण्याची बारीच सांगतो. मुख्य रस्ता डांबरी आहे, त्यामुळे काही बिघडलं तरी मदत जवळ. आणि दोन्ही अंगांना मातीच्या वाटा सुटतात, त्यातली एखादी विचारून-विचारून धरायची.

तिसरा नकाशा बहुतेक लोक बघत नाहीत: गावनकाशा. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेखमध्ये मिळतो. यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. कागदावरची पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, जागेवर मात्र बरेचदा दोन्हीकडच्या बांधांनी खाल्लेली असते, आणि मग भावकीचं भांडण तहसीलदारापुढे गेलेलं असतं, कधी महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, कधी १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली. अशा पाणंदीत नकाशा हातात धरून "हा सरकारी रस्ता आहे" म्हणायला जाऊ नका. तुम्ही दहा मिनिटांत निघून जाल, ते दोघे भाऊ तिथेच राहणार आहेत.

आता जमीन. आपल्या जिल्ह्यात पूर्व आणि पश्चिम हे दोन वेगळे देश आहेत. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, येवल्याला जेमतेम पाचशे. साहजिकच लोक म्हणतात, पावसात पूर्वेला जा. तिथेच मी फसलो.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, परतीचा पाऊस होऊन दोन दिवस झालेले, येवल्याच्या बाजूला एक शीवरस्ता, दोन गावांच्या हद्दीवरचा. वरून माती वाळून तडकलेली, पापुद्रा धरलेली. मी वीस फूट आत गेलो आणि स्टिअरिंग हलकं झालं. काळी माती वरून वाळते, आत लोणी असतं. ती टायरच्या नक्षीत भरते, की टायर म्हणजे गुळगुळीत लाडू. मी लो रेंज (कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर) टाकून ॲक्सिलरेटर दिला, आणि तिथेच चुकलो. चाकांनी आपापला खड्डा खणला आणि गाडी पोटावर बसली. टायरमधली हवा आधीच तीसवरून वीस पीएसआयवर आणायला हवी होती. चाक पसरलं असतं, कदाचित निघालो असतो. हवा पुन्हा भरायला कॉम्प्रेसरही मागे पडून होता.

अर्ध्या तासाने एक दादा ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी साखळी सरळ पुढच्या बंपरला अडकवली. मी बघत होतो, बोललो नाही. कडाड! बंपर साखळीसकट ट्रॅक्टरमागे गेला, गाडी तिथेच. मग ते चिखलात झोपून चासीला साखळी बांधून आले तेव्हा कुठे निघाली. तेव्हा पहिलं काम हे करा: घरच्या अंगणात गाडीखाली वाकून पुढचा आणि मागचा ओढायचा हूक कुठे आहे तो बघून ठेवा, आणि साखळीऐवजी स्वतःचा पट्टा आणि दोन डी-शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) गाडीत ठेवा. ओढताना पट्ट्यावर मधोमध ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटलाच तर उसळी कमी बसते; आणि पट्ट्याच्या रेषेत कोणालाही उभं राहू द्यायचं नाही, पोरांना तर मुळीच नाही.

पैसे विचारले तर दादा म्हणाले, "डिझेलचं काय घेऊन बसलात. डाळिंबाच्या लॅटरल चोक झाल्यात, तेवढ्या बघून जा." लॅटरल म्हणजे ठिबकच्या, पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळ्या. गाडीवर कंपनीचं स्टिकर होतं ना! मग मी शेवटाच्या एंडकॅप उघडून ओळीन्‌ओळ लॅटरल धुतल्या, आम्ल प्रक्रिया कशी करायची ते लिहून दिलं, आणि नाशिकला पोचायला रात्र झाली.

तेव्हापासून माझा नियम: काळ्या मातीत पावसानंतर आठवडाभर जायचं नाही आणि टाच दाबून बघितल्याशिवाय तर कधीच नाही. मुरुमाची वाट मात्र एका दिवसात वाळते. पश्चिमेला लाल माती आणि कातळ असल्याने पकड बरी मिळते, पण तिथे जून ते सप्टेंबर वाटेच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं असतात. समोरून गाडी आली तर बांधावर चाक घालायचा मोह होतो. घालू नका. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं, पाण्याबरोबर आवणी, म्हणजे लावलेली भाताची रोपं, जाते. सावकाश मागे या.

ओढ्याला पाणी असेल तर आधी चालत पार करायचं, काठीने तळ चाचपत. माझ्यासाठी साचलेलं पाणी गुडघ्याच्या खाली हवं. फरशीवरून वाहतं पाणी असेल तर गाडी थांबवून चहा शोधायचा; फूटभर खोल जोरदार प्रवाहही छोटी गाडी उचलतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. उतारावर लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून इंजिनवर उतरायचं, क्लचवरचा पाय काढून. न्यूट्रल तर विसराच.

जिथे जायचंच नाही अशा जागा आपल्याकडे बऱ्याच आहेत. देवळालीच्या बाजूला तोफखान्याची फायरिंग रेंज आहे. बोर्ड किंवा लाल झेंडा दिसला की मागे फिरा, मोकळं माळरान कितीही बोलावत असलं तरी. टोपोशीटवर राखीव वनाची हद्द दाखवलेली असते, तिथे वनक्षेत्रपालांच्या परवानगीशिवाय नाही. ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, गवतात गाडी घालणं तिथे गुन्हाच समजा. आणि सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळांवर, चाक नको. अंजनेरीवर सिरोपेजिया अंजनेरिका नावाची छोटीशी वनस्पती आहे, तिचं नावच या डोंगरावरून पडलंय. अशी झाडं कातळावरच्या बोटभर मातीत जगतात. खाली गाडी लावून चालत जा, तब्येतीलाही बरं.

जानेवारीनंतर वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. सायलेन्सर तापलेला असतो, गवत खालून पेटतं, आणि वणवा लागला की डोंगर जातो.

निफाड-दिंडोरीत जानेवारी ते एप्रिल द्राक्षं तयार असतात. बागेजवळून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जायचं. तुमच्यामागे उठलेला धुरळा घडावर बसतो, आणि तो घड व्यापारी बाजूला काढतो. बाग मालकाने हात केला तर थांबा, काच खाली करा, आधी "राम राम" म्हणा. वाटेवर आडवी काळी नळी दिसली तर ती लॅटरल आहे, मेलेला साप नव्हे. उतरा, उचलून बाजूला करा, गाडी गेली की पुन्हा होती तशी ठेवा. हे मी कळवळून सांगतोय.

प्रत्येक वाटेची माझ्याकडे वहीत एक ओळ असते: तारीख, माती, पिकअप जाते की नाही, कोणी सांगितलं. हरसूलच्या त्या वाटेसमोर मी लाल फुली मारली होती. पुढच्या डिसेंबरात त्याच पाड्यावर पुन्हा थांबलो, बाबांना विचारलं, "पिकअप कुठून जाते वाघेऱ्याकडे?" बाबा काही न बोलता उठले, काठी मागच्या सीटवर टाकली आणि पुढे येऊन बसले. दोन शेतं अलीकडे, करवंदीच्या जाळीमागून वाट निघत होती. मी तिच्यासमोरून तीनदा गेलो असेन. मुरुमाची, चांगली नऊ-दहा फुटी, वर चढल्यावर डावीकडे सगळी दरी उघडी. बाबा वाटेत प्रत्येक झाडाचा मालक सांगत होते.

डांबरीला लागल्यावर बाजाराच्या तोंडाशी उतरले. मी वहीतली फुली खोडत होतो, तर खिडकीवर टकटक.

"परत याच वाटेनं जाणार ना? मग पाचला इथंच थांबा. नागलीचं पोतं आहे."

त्या वाटेसमोर आता वहीत लिहिलंय: पिकअप जाते, पोत्यासकट.