काटा हलतो, गाडी हलत नाही: जुन्या जिप्सीचा तुटलेला ॲक्सल शोधणं आणि बदलणं

आमची जिप्सी 1998 ची, कार्ब्युरेटरवाली. वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला आमची भातखाचरं आहेत. दुधाचे कॅन, खताची पोती, लावणीच्या दिवसांत रोपांच्या मुठ्या, सगळं तीच वाहते आणि चालवते मीच. दोन वर्षांपूर्वी जुलैत ओढ्यातून वर चढताना मागून ‘टण्’ असा एकच आवाज आला. इंजिन चालू, पहिला गिअर पडलेला, क्लच पूर्ण सोडला, तरी गाडी जागची हलेना.

ट्रॅक्टरने ओढून गॅरेजला नेली. तिथे हँडब्रेक ओढून, चौथ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला. इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे क्लच गेला, असं त्यांनी ठरवलं. गिअरबॉक्स उतरला, नवी प्लेट आणि प्रेशर प्लेट बसली, लावणीचे चार दिवस गेले आणि गाडी होती तिथेच. संध्याकाळी मामंजींना सांगितलं. त्यांनी उमेदीत महिंद्राची जीप चालवली आहे. त्यांनी एवढंच विचारलं, “सूनबाई, क्लच सोडल्यावर स्पीडोमीटरचा काटा हलतोय का?”

काटा चाळीसवर जात होता.

जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते, म्हणजे गिअरबॉक्समागच्या त्या पेटीतून, जी ताकद फक्त मागच्या चाकांना द्यायची की चारही चाकांना हे ठरवते. गाडी उभी असताना काटा चढतोय म्हणजे क्लच, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर तिघंही फिरवण्याचं काम करतायत, ते फिरणं पुढे चाकापर्यंत पोचत नाही. क्लच निर्दोष होता. मागे काही तुटलं असेल तर इंजिनाला अडवणारं काहीच उरत नाही, म्हणून ते चौथ्या गिअरमध्येही बंद पडत नाही. ती क्लचची परीक्षा अशा वेळी खोटं बोलते. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: फिरणं कुठवर येतं आणि कुठे थांबतं हे कळल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही.

सुरुवातीला चाकांना पुढून-मागून दगड लावा. हे आधी, बाकी सगळं नंतर. ॲक्सल (चाक फिरवणारा दांडा) किंवा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फरपासून ॲक्सलकडे जाणारा लांब दांडा) तुटलेला असताना गाडी गिअरमध्ये ठेवून उताराला थांबत नाही. ज्या जुन्या जीपांचा हँडब्रेक ट्रान्स्फरच्या मागच्या ड्रमवर असतो, त्यांचा हँडब्रेकही अशा वेळी कामाचा नाही. आणि इंजिन चालू असताना गाडीखाली कोणीही झोपायचं नाही.

मग काट्याची परीक्षा घ्या. ट्रान्स्फर टू-व्हीलमध्ये, पाय ब्रेकवर तयार, पहिला गिअर, क्लच हळू सोडा. काटा हलला तर दोष ट्रान्स्फरच्या मागे. (केबल आधीपासून तुटलेली असेल तर अर्थातच हे चालणार नाही.) लगेच दुसरी परीक्षा: पुढच्या चाकांच्या मध्यावरचे हब हाताने लॉक करा, फोर-व्हील हाय टाका, दगड काढा आणि क्लच सोडा. गाडी पुढच्या चाकांवर निघाली तर शंकाच राहत नाही. आमची निघाली. चार दिवस गॅरेजमध्ये पडलेली गाडी त्या संध्याकाळी मी स्वतः घरी आणली.

असं घरी आणायचं असेल तर आधी मागची दोन्ही चाकं एकेक करून जॅकवर उचला, वर आणि खाली हात धरून हलवून बघा. ॲक्सलचा शाफ्ट आत, डिफरन्शियलच्या (दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याच्या) बाजूला तुटला असेल तर बेअरिंग चाकाला धरून ठेवतं. बाहेर, बेअरिंगच्या पलीकडे तुटला असेल तर चाक शाफ्टसकट निसटू शकतं. तशी गाडी चालवू नका, टेम्पोवर घाला. चाक घट्ट असेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही टोकांच्या फ्लँजवरून (बोल्टच्या चकत्यांवरून) सोडून गाडीत ठेवा, म्हणजे आतला तुकडा गरगरून दात खाणार नाही. सोडण्याआधी फ्लँजवर रंगाची खूण करा, परत तसाच बसायला हवा. सावकाश चालवा, पूर्ण वळणावर जोर देऊ नका.

काटा हललाच नाही तर दोष ट्रान्स्फरमध्ये किंवा त्याच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला आहे. तिथे जिप्सी फार सोयीची गाडी आहे, कारण तिची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून सुटी, मध्ये एका छोट्या शाफ्टने जोडलेली असते. बाजूला उभं राहून बघा: तो छोटा शाफ्ट फिरतोय आणि मागचा नाही, तर ट्रान्स्फर. छोटाही फिरत नाही, तर गिअरबॉक्स किंवा क्लच. क्लचवर संशय असेल तर उतरवण्याआधी पेडल बोटाने दाबा. सुरुवातीला थोडं मोकळं जायला हवं. अजिबात मोकळं नसेल तर केबल ताणलेली आहे आणि प्लेट घसरतेय. केबल सैल करून बघा.

आता इंजिन बंद करून हाताची परीक्षा. चाकं जमिनीवर, दगड लावलेले, ट्रान्स्फर न्यूट्रल. मागचा प्रोपेलर शाफ्ट धरून फिरवा. थोडासा खटका दोन्हीकडे जाणवेल, तेवढं चालतं. पूर्ण गोल फिरला तर ॲक्सल किंवा डिफरन्शियल तुटलंय. फिरवताना दोन्ही टोकांचे जॉइंट क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखे सांधे) बघा. टोपीच्या कडेला लालसर पूड दिसली तर आतलं ग्रीस संपून गंज दळला जातोय. तो क्रॉस आज तुटलेला नसला तरी बदला.

कोणत्या बाजूचा ॲक्सल, हे कळायला मागचं हाउसिंग (ॲक्सलचं बाहेरचं लोखंडी कवच) दोन्हीकडे घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. हँडब्रेक सोडा, ट्रान्स्फर टू-व्हील आणि गाडी गिअरमध्ये. एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरायला हवं. फिरत नसेल तर दोन्ही चाकं हाताने आळीपाळीने फिरवा. जे अगदी हलकं जातं, गिअरचा कसलाच अटकाव देत नाही, तिकडचा आधी काढा. आमचं डावं होतं.

डिफरन्शियलचं तेल भांड्यात काढा आणि ते भांडं उन्हात धरा. बारीक चंदेरी गाळ वर्षानुवर्षं साठतो, त्याची काळजी नाही. दाताचा तुकडा निघाला तर मात्र क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मुख्य गिअरची जोडी) उघडावंच लागेल, आणि ते दातांचं अंतर मापून बसवायचं काम आहे. तिथे माहीतगार मिस्त्रीच हवा. तेल ताकासारखं निघालं तर पाणी शिरलंय.

19 च्या पान्याने चाक, मग ड्रम. ड्रम अडकला तर त्याच्या आट्यांच्या दोन भोकांत 8 मिलिमीटरचे बोल्ट सारखे सारखे आवळा, तो आपोआप बाहेर येतो. ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल सोडा, बॅकप्लेटमागचे चार नट काढा. आता शाफ्ट ओढायचा, पण बेअरिंग हाउसिंगमध्ये घट्ट बसलेलं असतं. मामंजींनी ड्रम उलटा करून स्टडवर अडकवला, चाकाचे नट चार-पाच आट्यांवर सैल ठेवले आणि ड्रम दोन्ही हातांनी बाहेरच्या बाजूला हिसकला. दहाव्या-बाराव्या हिसक्याला शाफ्ट बाहेर आला, हातभर आखूड.

तुटलेलं तोंड मी चिंधीने पुसलं आणि बराच वेळ बघत बसले. अर्धचंद्राएवढा भाग काळपट, गुळगुळीत, कडेला गंज धरलेला, त्यावर शंखावर असतात तशा बारीक रेघा. उरलेला भाग ताजा, खडीसाखरेसारखा चमकणारा, खरखरीत. म्हणजे तडा जुना होता, एकेक रेघ पुढे सरकत होता, आणि ओढ्याच्या चढाला फक्त उरलेलं धातू तुटलं. शाफ्ट एका झटक्यात तुटला असता तर तोंड सगळंच ताजं दिसलं असतं आणि शाफ्टच्या टोकाचे दाते पिळवटलेले दिसले असते. तुमचाही तुकडा असा वाचा. जुना तडा असेल तर बेअरिंग ढिलं आहे का, हाउसिंग वाकलंय का, गाडीवर रोज किती पोती पडतात, हे तपासल्याशिवाय नवा शाफ्ट घालण्यात अर्थ नाही. आमचं बेअरिंग बोटाने हलत होतं.

आत राहिलेला तुकडा जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधून निघतो. नाहीच निघाला तर क्राउन-पिनियनसकट आतला भाग पुढून काढावा लागतो.

सुटा भाग आणायला आम्ही पुण्यात नाना पेठेत गेलो. दोन्ही तुकडे सोबत न्या. जिप्सीचं डिफरन्शियल मध्यावर नसतं, त्यामुळे डावा आणि उजवा शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांबी जुळवा, दाते मोजा. बेअरिंग, त्याची रिंग आणि ऑइल सील नवीनच घ्या. जुनी रिंग ग्राइंडरने अर्धी कापून छिन्नीने फोडतात, ती पुन्हा वापरायची नाही. नवं बेअरिंग हातोडीने ठोकू नका. प्रेसवर बसवून घ्या, थोडे पैसे जातात पण जातात ते योग्य जागी.

बसवताना शाफ्टचे दाते सीलच्या ओठाला घासू देऊ नका, एका हाताने शाफ्ट उचलून धरा. आधी प्रोपेलर शाफ्ट खुणेवर खूण जुळवून लावा. तेल 90 नंबरचं, गाडी सपाटीला ठेवून, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. हाउसिंगवरची श्वासाची नळी फुंकून बघा. ती बुजलेली असेल तर तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात आकसून सीलमधून पाणी ओढतं. आमचं तेल ताकासारखं होण्याचं कारण हेच. आता आम्ही लांब रबरी नळी लावून ती चेसिसवर उंच बांधली आहे.

आणि फोर-व्हील कोरड्या डांबरावर वापरू नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, ट्रान्स्फर त्यांना एकत्र बांधून ठेवते आणि तो पीळ क्रॉस आणि शाफ्ट सोसतात.

ब्रेकचा पाइप सोडला होता, म्हणून हवा काढल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर नेऊ नका. मग पाच-सहा किलोमीटर जाऊन या आणि मागची दोन्ही चाकं मध्यभागी हाताने चाचपा. सारखी कोमट असावीत. नव्या शाफ्टकडचं चाक चटका देत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक जाम आहे, तिथेच थांबा. परत आल्यावर फ्लँजचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.