मेल येत नाही? खातं काढून टाकण्याआधी हे तपासा

पाऊस धरला की कोकणात लाईट दिवसातून चारदा जाते, आणि घरच्या कॉम्प्युटरवरच्या मेलच्या तक्रारीही तेव्हाच वाढतात. तारकर्लीतल्या होमस्टेचं बुकिंग असो की देवगडच्या बागायतदाराची बिलं, मेल अडकला की कोणीतरी सल्ला देतं, ‘खातं काढ आणि परत घाल.’ हा उपाय अगदी शेवटी करायचा. खातं पॉप पद्धतीचं (मेल सर्व्हरवरून तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) असेल तर जुने मेल फक्त तुमच्याच डिस्कवर असू शकतात, आणि खात्याबरोबर तेही जाऊ शकतात. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर राहतात. थंडरबर्डमध्ये (आउटलुकसारखाच कॉम्प्युटरवर मेल वाचायचा प्रोग्रॅम) खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘सर्व्हर टाइप’पुढे पॉप की आयमॅप ते लिहिलेलं असतं. ते आधी बघून ठेवा.

१. ब्राउझरमधून मेल उघडा. तिथे नवे मेल दिसत असतील तर नेट आणि खातं ठीक आहे, दोष कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये आहे. तिथेही नवं काही येत नसेल तर जागा भरली आहे का ते बघा. जीमेलचे मोफत १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. ते भरले की पाठवणाऱ्याचा मेल परत जातो.

२. कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. हे फार जण विसरतात. मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपली असेल तर लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र चुकीचं ठरतं आणि ‘सर्टिफिकेट’चा इशारा येतो. तो डोळे झाकून मान्य करू नका. विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम इथे जाऊन ‘सिंक नाऊ’ दाबा. पुन्हा लाईट गेल्यावर तारीख परत चुकली तर बॅटरी बदला.

३. पासवर्ड सारखा मागतोय? जीमेलसाठी थंडरबर्डमध्ये ऑथेंटिकेशनची पद्धत ‘ओऑथ २’ (गूगलच्याच पानावर लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत) ठेवा. ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती सोय नाही, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा, १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की जुना ॲप पासवर्ड रद्द होतो. मुलाने मुंबईहून पासवर्ड बदलला आणि गावच्या कॉम्प्युटरवरचा मेल बंद पडला, तर कारण बहुधा हेच.

४. मेल येतात पण जात नाहीत. येण्याचा आणि जाण्याचा सर्व्हर वेगळा असतो. आयमॅपला पोर्ट (सेटिंग्जमध्ये सर्व्हरच्या नावाजवळ लिहायचा क्रमांक) ९९३, पाठवण्याला ५८७ (स्टार्टटीएलएस) किंवा ४६५ (एसएसएल). पाठवण्यासाठी २५ टाकलेलं असेल तर बदला. बऱ्याच नेट कंपन्या ते अडवतात. आउटबॉक्समध्ये जड मेल अडकला असेल तर मागचेही थांबतात. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडलेली फाइल पाठवताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या आतच राहा. आउटलुकमध्ये आधी ‘वर्क ऑफलाइन’ करा, मग तो मेल काढता येतो. काम झालं की ते बटण पुन्हा बंद करायला विसरू नका, नाहीतर काहीच ये-जा होणार नाही.

५. लाईट गेल्यानंतर फोल्डर रिकामं दिसतंय? घाबरू नका, बहुतेक वेळा मेल असतात, फक्त त्यांची सूची बिघडलेली असते. थंडरबर्डमध्ये फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ‘रिपेअर फोल्डर’. ‘आधीच चालू आहे’ असा संदेश येऊन प्रोग्रॅम उघडतच नसेल तर टास्क मॅनेजरमधून तो बंद करून पुन्हा सुरू करा. आउटलुकच्या पीएसटी फाइलच्या (ज्यात मेल साठवलेले असतात) दुरुस्तीसाठी स्कॅनपीएसटी नावाचं साधन आउटलुकबरोबरच येतं. आउटलुक बंद करून आधी पीएसटीची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मगच ते चालवा.

इतकं करूनही जमलं नाही, तर खातं काढण्याआधी प्रोफाइलचं (प्रोग्रॅमचे मेल आणि सेटिंग्ज असतात ते) अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आणि पावसाळ्यापुरता तरी कॉम्प्युटर व राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा. कडकडाट सुरू झाला की प्लग काढा, लँडलाइन असेल तर राउटरला येणारी फोनची वायरसुद्धा.